औषधांना न जुमानणारे जंतू, चिघळलेल्या जखमा आणि नॅनो चांदीची पट्टी

सूक्ष्मदर्शी

जखमेतला पू तपासायचा, त्यात कोणते जंतू आहेत ते शोधायचं आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते डॉक्टरांना कळवायचं, हे माझं रोजचं काम. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी आहे. हल्ली रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: "एवढी औषधं चालत नाहीत म्हणता, मग ती नॅनो सिल्व्हरची पट्टी लावली तर?" काउंटरवर उभ्या उभ्या या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून हा धागा.

आधी दुखणं काय आहे ते. त्वचेच्या संसर्गात सर्वांत नेहमी सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आलं आणि १९६१ सालीच इंग्लंडमधून त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. तोच एमआरएसए. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत २०१६ साली तपासलेल्या स्टॅफ ऑरियसपैकी २८.४% एमआरएसए होते, २०२१ साली ४२.६%. ही बहुतेक मोठी रुग्णालयं आहेत, तिथे आधीच बरीच औषधं घेऊन झालेले रुग्ण येतात, तेव्हा गावातल्या प्रत्येक गळवाला हा आकडा लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे. जुनाट जखमा आणि भाजलेले रुग्ण यांच्यात तर स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हेही असतात आणि त्यांच्यापुढे कधी कधी एखाददुसरंच औषध शिल्लक राहतं.

आता चांदी. एमआरएसएकडे मेकए नावाचं जनुक असतं. त्यातून जंतूची भित्तिका बांधणारं असं एक प्रथिन तयार होतं, की पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याला पकडूच शकत नाहीत. चांदीला या भानगडीशी देणंघेणं नाही. चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला चांदीचा अणू, जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो, पेशीपटलाला भोकं पाडतो, श्वसनाची साखळी अडवतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसतो. म्हणून प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू चांदीने मरू शकतो, आणि प्रयोगशाळेत मरतो हे मी स्वतः पाहते.

मग नॅनो कशाला? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या घनांत कापला तर पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. आयन पृष्ठभागावरूनच सुटतात, म्हणजे थोड्या चांदीत भरपूर काम. यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातलं आहे. आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर, ज्युतिका राजवाडे आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांचं जेल तयार केलं आणि २००९ साली ते काम प्रसिद्ध केलं. भाजलेल्या जखमांवर लावतात त्या चांदीच्या पांढऱ्या मलमाइतकाच (सिल्व्हर सल्फाडायझिन) त्याचा जंतूंवर परिणाम दिसला, आणि चांदी तीसपटीने कमी लागली.

बरीच वर्षं असं वाटत होतं, की नॅनोकण स्वतःच जंतूला भोसकतो. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या पेद्रो आल्वारेझ यांच्या गटाने हे कण प्राणवायू नसलेल्या ठिकाणी वापरून पाहिले. प्राणवायू नाही म्हणजे कणांपासून आयन सुटत नाहीत. आणि जंतू मरेनात. म्हणजे मारतो तो आयन. कण ही कणगी आहे, आयन हे धान्य. ही गोष्ट डोक्यात बसली की पट्टीबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात: कणगीतून धान्य किती वेगाने निघतं, किती दिवस पुरतं, आणि वाटेत कोण खातं.

वाटेत खाणारे भरपूर आहेत. जखमेतून स्रवणाऱ्या पाण्यात क्लोराइड आणि प्रथिनं असतात, ती आयनाला बांधून टाकतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ ताटलीत जे दिसतं ते पायावरच्या जखमेत तसंच्या तसं घडत नाही, ते यामुळे.

माझं म्हणणं एवढंच: ही पट्टी खरंच कामाची आहे, पण संसर्ग झालेल्या जखमेवर, जखम नीट साफ केल्यानंतर, थोड्या दिवसांसाठी. ज्यांनी ही वापरली आहे, ज्यांच्या घरी वापरली जाते आहे, त्यांनी लिहा.

भीमातीर

ताई, धागा अगदी वेळेवर आला. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, तळपायाला अंगठ्याच्या खाली जखम आहे. सहा महिने होत आले. पहिल्यांदा पू होता, कल्चरमध्ये (पूतले जंतू वाढवून तपासतात त्यात) एमआरएसए आला. गोळ्या झाल्या, पू गेला, वास गेला. तेव्हापासून एकाने सुचवलं म्हणून नॅनो सिल्व्हरची पट्टी लावतो. मी स्वतः सलाइनने जखम धुतो, पट्टी सलाइनने ओली करतो आणि बसवतो. तळहाताएवढ्या पट्टीला शेकड्यांनी रुपये जातात. जखम वाढत नाही पण भरतही नाही. लाल मांस दिसतं, कड मात्र जाड आणि पांढरी झाली आहे. वडील म्हणतात दुखत नाही, त्यामुळे शेतात फेरी मारतातच. पट्टी चालू ठेवू का अजून भारी आणू?

सातासमुद्रापार

भीमातीर दादा, मी इंग्लंडमध्ये जखमांची काळजी घेणारी परिचारिका आहे. मूळची साताऱ्याची. तुमच्या प्रतिसादात दोन गोष्टी लगेच खटकल्या.

पहिली, सलाइन. नॅनोक्रिस्टलाइन चांदीची पट्टी सलाइनने भिजवायची नसते. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. त्यातलं क्लोराइड आणि पट्टीतली चांदी मिळून सिल्व्हर क्लोराइड बनतं आणि पट्टीची ताकद जखमेला लागण्याआधीच जाते. निर्जंतुक पाणी वापरायचं. जखम सलाइनने धुतली तरी चालेल, नंतर टिपून घ्यायची. पट्टीखाली व्हॅसलिनसारखं तेलकट मलमही लावायचं नाही. हे पाकिटातल्या कागदावर असतं, पण अक्षर बारीक आणि इंग्रजीत, घरी पट्टी करणाऱ्या माणसाला कोण वाचून दाखवणार? पट्टी देणाऱ्याने हे तोंडी सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि हो, एमआरआय करायचा असेल तर आधी सांगा, पट्टी काढावी लागते.

दुसरी गोष्ट मुदत. २०१२ साली जखमतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने चांदीच्या पट्ट्यांसाठी दोन आठवड्यांचा नियम सुचवला. दोन आठवडे लावा, मग जखम पुन्हा नीट बघा. संसर्गाची लक्षणं गेली असतील तर चांदी थांबवा. सुधारणा आहे पण संसर्ग अजून आहे, तर पुढे चालवा. काहीच फरक नाही, तर कारण दुसरीकडे शोधा. तुमच्या वडिलांचा संसर्ग गेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग चांदी कुणाला मारते आहे? नव्याने येणाऱ्या कोवळ्या पेशींनासुद्धा ती थोडी बाधतेच.

आमच्याकडे पायावरच्या शिरांच्या व्रणांवर व्हल्कन नावाची चाचणी झाली, २००९ साली प्रसिद्ध झाली. २१३ रुग्ण, निम्म्यांना चांदीची पट्टी, निम्म्यांना साधी, वर दाब देणारी बँडेज सगळ्यांनाच. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारख्याच जखमा भरल्या होत्या. खर्च मात्र चांदीवाल्यांचा जास्त. म्हणजे जखम भरून आणली ती दाबाच्या बँडेजने.

शल्य_मराठवाडा

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक आहे. भीमातीर, तुमच्या वडिलांबद्दल लिहितो, पण हे वाचून घरी काही ठरवू नका, पाय कुणाला तरी दाखवा.

दुखत नाही ही चांगली बातमी नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. तुम्ही वर्णन केलेली जाड पांढरी कड म्हणजे त्या जागेवर रोज दाब पडतो आहे आणि घट्टा धरतो आहे. वडील त्या पायावर शेतात फिरतात तोवर कोणतीही पट्टी, सोन्याची लावली तरी, ती जखम भरणार नाही. दाब काढावा लागतो. त्यासाठी प्लास्टरचा साचा किंवा खास बूट असतो. घट्टा कापून काढावा लागतो. पायाची नाडी लागते का ते बघावं लागतं, लागत नसेल तर डॉपलर, म्हणजे पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी. बोथट सळईने जखमेच्या तळाशी हाड लागतं का ते तपासावं लागतं, कारण हाडात संसर्ग असेल तर वरून काहीही लावून उपयोग नाही. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे, की केवळ जखम लवकर भरावी म्हणून चांदीच्या किंवा इतर जंतुनाशक पट्ट्या वापरू नयेत.

आता सूक्ष्मदर्शी ताईंच्या "जखम नीट साफ केल्यानंतर" या शब्दांबद्दल. सगळं त्यात आहे. जुनाट जखमेतले जंतू एकेकटे हिंडत नसतात, स्वतः तयार केलेल्या चिकट थरात वस्ती करून असतात. बायोफिल्म. अमेरिकेत मोंटानामधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की तपासलेल्या जुनाट जखमांपैकी ६०% मध्ये बायोफिल्म होती, ताज्या जखमांत फक्त ६% मध्ये. या थरात प्रतिजैविक पोचत नाही, चांदीही फारशी पोचत नाही. थर खरवडून काढला की एक-दोन दिवस जंतू उघडे पडतात, मग वस्ती पुन्हा उभी राहते. चांदीची पट्टी कामाची ती याच एक-दोन दिवसांत. मेलेलं मांस तसंच ठेवून वर नॅनो पट्टी बांधलेले पाय माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. पैसे गेलेले असतात आणि कधी कधी बोटही वाचत नाही.

चाफेकळी

डॉक्टर, ताई, मनापासून आभार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "कोलॉइडल सिल्व्हर वॉटर" प्यायचा सल्ला फिरतोय. नॅनो चांदीचं पाणी, रोज दोन चमचे, त्वचेचे सगळे संसर्ग आतून बरे होतात म्हणे. पट्टी चालते तर पाणी का चालू नये?

सूक्ष्मदर्शी

चाफेकळी, पिऊ नका आणि ग्रुपवर ठामपणे सांगा. पट्टीतली चांदी जिथे जंतू आहेत तिथेच सुटते. प्यायलेली चांदी जखमेपर्यंत जंतू मारण्याइतकी पोचत नाही, ती शरीरात साठत जाते. दीर्घकाळ घेतली तर त्वचा निळसर करडी होते, याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केलं, की दुकानात मिळणारी कोलॉइडल चांदीची औषधं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत.

पट्टीतूनही थोडी चांदी रक्तात जाते, विशेषतः मोठ्या भाजलेल्या जखमेतून. २००६ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी एका भाजलेल्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. नॅनो चांदीच्या पट्ट्यांनंतर त्याचा चेहरा करडा दिसू लागला आणि यकृताची एन्झाइम्स वाढली. पट्ट्या थांबवल्यावर सुधारणा झाली. तळपायाच्या छोट्या जखमेला ही भीती नाही, पण अंगाचा मोठा भाग झाकायचा असेल तर डॉक्टरांचं लक्ष हवंच.

शल्य_मराठवाडा, बायोफिल्मबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. प्रयोगशाळेच्या बाजूने एक जोडते. चांगल्या रिपोर्टसाठी स्वॅब, म्हणजे जखमेवर फिरवायची कापूस लावलेली काडी, चांगला घेतलेला हवा. वरवरचा पू पुसून पाठवला तर आमच्या ताटलीत त्वचेवर नेहमी राहणारे सगळे पाहुणे उगवतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही. जखम आधी धुवायची, मग स्वच्छ दिसणाऱ्या एक चौरस सेंटिमीटर भागावर स्वॅब दाबून पाच सेकंद फिरवायचा, आतला द्रव वर आला पाहिजे. खोलातला मांसाचा तुकडा पाठवता आला तर सर्वांत उत्तम. आणि संसर्गाची लक्षणं नसतील तर स्वॅब पाठवूच नये. जुनाट जखमेत जंतू असणारच, रिपोर्टमध्ये नाव आलं की कुणीतरी प्रतिजैविक लिहितं, आणि पुढच्या रिपोर्टात माझ्यासमोर आणखी एक "रेझिस्टंट" येतं.

कणकण

मी नॅनोपदार्थांवर काम करतो, सध्या जर्मनीत. चर्चा चांदीभोवती फिरते आहे ते साहजिक आहे, कारण रुग्णापर्यंत पोचलेली नॅनो पट्टी म्हणजे मुख्यतः चांदीचीच. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये रॉबर्ट बरेल यांनी १९९०च्या दशकात नॅनोक्रिस्टलाइन चांदीचा थर दिलेली पट्टी विकसित केली, ॲक्टिकोट नावाने ती जगभर गेली. त्याआधीचा टप्पा मोयर यांचं १९६५ सालचं ०.५% सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, ज्याने सतत पट्ट्या भिजवाव्या लागत, आणि फॉक्स यांचं १९६८ सालचं सिल्व्हर सल्फाडायझिन. नॅनो पट्टीने जे खरं दिलं ते म्हणजे आयन हळूहळू, तीन दिवस ते सात दिवस सुटत राहणं. रोज पट्टी सोडायची नाही. भाजलेल्या लेकराची पट्टी रोज सोडताना ज्याने पाहिली आहे त्याला याचं मोल कळेल.

संशोधनात मात्र पुष्कळ काही चालू आहे. झिंक ऑक्साइड, तांबं, कायटोसानचे कण. कायटोसान तर कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळतं, ते स्वतःच थोडं जंतुनाशक आहे आणि रक्तस्राव थांबवतं. नायट्रिक ऑक्साइड सोडणारे कण आहेत. मला सर्वांत आशा वाटते ती उष्णतेच्या वाटेची: सोन्याचे दांडीच्या आकाराचे नॅनोकण जखमेवर ठेवायचे आणि डोळ्याला न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश टाकायचा. कण तापतात, शेजारचा जंतू भाजून मरतो. उष्णतेला प्रतिकार उपजवणं जंतूला फार अवघड.

पण यातलं बहुतेक काम उंदरांवर आहे आणि उंदराची जखम माणसासारखी भरत नाही. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, जखम झाली की तो आक्रसतो आणि कडा ओढून घेतो. आपली जखम तळापासून भरत यावी लागते. म्हणून "उंदरांत दहा दिवसांत जखम बंद" अशी बातमी वाचली, की संशोधकांनी उंदराची जखम ताणून धरणारी कडी बसवली होती का, तेवढं मी आधी बघतो. आणि तो उंदीर तरुण, निरोगी असतो. भीमातीर यांच्या वडिलांसारखा, रक्तपुरवठा कमी झालेला, वर्षानुवर्षांचा मधुमेह असलेला नसतो.

शल्य_मराठवाडा

कणकण, अगदी बरोबर. आणि पट्टी म्हटलं की महागडीच, असं मानायचं कारण नाही. आपल्याकडच्या लोकांनी काय केलंय ते नव्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, म्हणून लिहितो.

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली, १९८५ साली जर्नलमध्ये छापली. साली गॉजवर ओळीने चिकटवायच्या आणि निर्जंतुक करायच्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना रुग्ण ओरडत नाही, आणि खर्च नगण्य. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना केली, मधाची बाजू वरचढ ठरली. ही कामं मोठ्या चाचण्यांच्या आजच्या निकषांवर तपासली तर त्रुटी दिसतील. पण त्या डॉक्टरांनी समोरच्या गरीब रुग्णाचा विचार करून पट्टी शोधली, याचं मला अतोनात कौतुक आहे. नॅनो पट्टी बनवणाऱ्यांनी हाच विचार आधी करावा असं वाटतं: जिल्हा रुग्णालयात ती परवडेल का, साठवता येईल का, लावायला किती शिकवावं लागेल.

कुणी घरी बटाटा किंवा केळीचं पान लावू नका. रुग्णालयात ते निर्जंतुक केलं जात होतं.

आंबोळी

गोव्याहून. एक मूलभूत शंका. प्रतिजैविकं वाटेल तशी वापरून आपण जंतू माजवले. चांदीचंही तसंच होणार नाही कशावरून? ताईंनी लिहिलं की ती अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणजे प्रतिकार येणारच नाही असं समजायचं का?

सूक्ष्मदर्शी

आंबोळी, मी या धाग्यात जे सगळ्यात कळकळीने सांगू पाहते आहे ते हेच. प्रतिकार येतो. आलेला आहे.

१९७५ साली बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या विभागात साल्मोनेलाची साथ आली होती, तिची हकीकत प्रसिद्ध झाली. तिथे सिल्व्हर नायट्रेटचे उपचार चालत आणि तो साल्मोनेला चांदीला दाद देत नव्हता. तीन रुग्ण दगावले. तोच जंतू ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही जुमानत नव्हता. पुढे त्या जंतूच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या कड्यावर, चांदी पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकं सापडली, सिल जनुकं. एकाच प्लाझ्मिडवर चांदीचा आणि प्रतिजैविकांचा प्रतिकार शेजारी शेजारी बसला असेल तर चांदी वापरूनसुद्धा आपण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू निवडून वाढवतो. सिल जनुकं आज एंटरोबॅक्टर आणि क्लेबसिएलात सापडतात. स्टॅफिलोकोकसमध्ये मात्र प्रयोगशाळेत मुद्दाम प्रयत्न करूनही असा प्रतिकार सहज उपजत नाही, एवढा दिलासा आहे.

नॅनोकणांची गोष्ट आणखी वेगळी. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की ई-कोलाय आणि स्यूडोमोनास यांना चांदीच्या नॅनोकणांत पुन्हा पुन्हा वाढवलं तर ते फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतात. जंतूच्या शेपटीचं हे प्रथिन. त्याने कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, पृष्ठभाग घटतो आणि कणगीचं दार बंद होतं. जनुकांत काहीही बदल न होता. याच संशोधकांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरून फ्लॅजेलिन रोखलं आणि कण पुन्हा प्रभावी झाले.

आंबोळी

डाळिंबाची साल! मग ती उगाळून पट्टीखाली लावली तर?

सूक्ष्मदर्शी

नाही हो. तो अर्क प्रयोगशाळेतल्या नळीत वापरला होता, जखमेत नाही. उगाळलेल्या सालीबरोबर माती, बुरशी आणि बीजाणू जखमेत जातील. त्या प्रयोगाचं मोल वेगळं आहे: जंतूचं संरक्षण कळलं तर ते उतरवणारा दुसरा घटक पट्टीत घालता येईल, ही वाट त्याने दाखवली.

कणकण

ताई, इथे माझं थोडं वेगळं मत. चांदीच्या प्रतिकाराची भीती दाखवून डॉक्टर ती वापरायचंच टाळतील आणि त्याऐवजी म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम लिहितील. ती तर खरीखुरी प्रतिजैविकं आहेत, त्यांचा प्रतिकार जास्त धोक्याचा. संसर्गाच्या काठावर असलेल्या जखमेवर मलमापेक्षा चांदी बरी, असं मी म्हणेन.

सूक्ष्मदर्शी

मलमापेक्षा चांदी बरी, हे मान्य. प्रतिजैविकांची मलमं आपल्याकडे ज्या सहजतेने दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळतात ते थांबायलाच हवं. पण "काठावर" या शब्दाखाली प्रत्येक जखम येते, आणि मग महिनोन् महिने चांदी चालू राहते. शिवाय आता मोजे, अंतर्वस्त्रं, पाण्याचे फिल्टर, धुलाई यंत्रं अशा कुठल्याही गोष्टीत नॅनो चांदी घालतात, ती सांडपाण्यात जाते. जखमेसाठी लागणारी ही वस्तू मोज्यांचा वास घालवण्यासाठी खर्चू नये, यावर मी अडून बसेन. तुमच्यासारखे लोक ती बनवतात, तुम्ही तिथे हे बोला, अशी विनंती.

कणकण

मोज्यांबद्दल पूर्ण सहमत. आमच्या गटाच्या बैठकीत मांडतो.

भीमातीर

सगळ्यांचे आभार. वडिलांना सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांनी घट्टा कापला, आतली जखम वरून दिसत होती त्यापेक्षा रुंद निघाली. हाड लागलं नाही. पायाची एक नाडी मंद आहे म्हणून डॉपलर सांगितला आहे. चांदीची पट्टी बंद केली, साधी ओलावा धरणारी पट्टी दिली आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. वडील चिडलेत, पण शेतात जाणं बंद झालं. साखर जेवणाआधी दोनशेच्या वर असते, तीही आता मनावर घेतली आहे. डॉपलरचा रिपोर्ट आला की लिहितो.

सातासमुद्रापार

दादा, फार बरं वाटलं वाचून. प्लास्टरच्या आत दुखलं, ताप आला, बोटं काळी-निळी दिसली किंवा वास आला तर दिलेल्या तारखेची वाट बघू नका, लगेच जा. बधिर पायाला प्लास्टर घासलं तरी कळत नाही. दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री तुम्ही स्वतः बघा, सगळा भार आता त्याच्यावर आहे.

चाफेकळी

शेवटचा प्रश्न. स्वयंपाकघरात भाजलं तर लावायला आम्ही चांदीचं पांढरं मलम घरात ठेवतो. ते ठेवावं की नाही?

शल्य_मराठवाडा

भाजल्यावर आधी नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढा. नुसतं लाल झालं असेल तर मलमाची गरजच नाही.

फोड आले असतील किंवा कातडी गेली असेल तर स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात या, मलम न लावता. सिल्व्हर सल्फाडायझिनचा जखमेवर पांढरट थर बसतो आणि मग भाजणं किती खोल आहे ते आम्हाला ओळखता येत नाही. तो थर घासून काढताना रुग्णाचे हाल होतात. वरवर भाजलेल्या जखमा या मलमाने उलट उशिरा भरतात, असं तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ते लावायचंच नाही. घरात आहे ते मलम उघडून किती दिवस झाले ते बघा, आणि जुनं असेल तर टाकून द्या.